यकृतातील विद्रधी : उगम, निदान आणि उपचार

शरीराच्या पृष्ठभागावर गळू झाले म्हणजे ते डोळ्यांना दिसते. त्या जागेची कातडी लाल होते, सूज येते, हात लावला असता ती ऊन लागते आणि ठणका बसतो. पुढे गळू पिकते, फुटते आणि पू वाहून गेल्यावर रोग्यास आराम पडतो. असेच गळू शरीराच्या आत, एखाद्या इंद्रियाच्या गाभ्यात झाले, तर मात्र यांतील काहीच प्रत्यक्ष दिसत नाही. ताप येतो, अंग खंगत जाते, परंतु रोगाचे ठिकाण झाकलेलेच राहते. अशा गळवास वैद्यकात विद्रधी ही संज्ञा आहे. ही संज्ञा प्राचीन असून सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अंतर्विद्रधीची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत यकृताचीही गणना केलेली आढळते.

यकृतातील विद्रधीविषयी एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेणे जरूर आहे. हा रोग यकृतात सापडत असला, तरी त्याचा उगम बहुधा यकृतात नसतो. तो आतड्यात, पित्तमार्गात किंवा शरीराच्या अन्य भागात असतो. रोगाचे बीज कोठून आले हे कळल्यावाचून त्याचे निदान पुरे होत नाही, आणि जे औषध केवळ यकृतापर्यंत पोहोचते पण उगमापर्यंत पोहोचत नाही, त्याने रोगही पुरता जात नाही.

यकृताकडे येणारे मार्ग

यकृत हे शरीरातील सर्वांत मोठे अंतरिंद्रिय होय. प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. छाती आणि पोट यांना अलग करणारा स्नायूंचा जो पडदा, त्यास मध्यपटल म्हणतात. या मध्यपटलाच्या लगत खाली, उजव्या बाजूच्या फासळ्यांच्या आड यकृत वसलेले असते. त्याचा उजवा खंड डाव्या खंडाहून पुष्कळ मोठा असतो.

बहुतेक इंद्रियांना केवळ रोहिणीतून रक्त मिळते. यकृताची व्यवस्था निराळी आहे. दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून वाहते. त्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रवेशिका नीला या मोठ्या वाहिनीतून येते व उरलेले यकृताच्या रोहिणीतून येते. प्रवेशिका नीलेचे रक्त हे जठर, आतडी आणि प्लीहा यांतून फिरून आलेले असते. आतड्यांनी शोषलेले अन्नरस प्रथम यकृताकडे जातात व तेथे त्यांवर संस्कार होऊन मग ते सर्व शरीरास मिळतात. आतड्याच्या भिंतीतून निसटलेले जंतूही याच वाटेने यकृतात पोहोचतात. त्यांना अडविण्यासाठी यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांच्या कडेला भक्षक पेशींचा पहारा असतो. या पेशी एरवी शेकडो जंतू गिळून टाकतात. परंतु जंतूंची संख्या फार वाढली, किंवा या पेशीच दुबळ्या झाल्या, की पहारा अपुरा पडतो.

प्रवेशिका नीला हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग पित्तनलिकेचा. नलिकेत खडा अडकला किंवा गाठ झाली, तर पित्त साचते आणि साचलेल्या पित्तात जंतू वाढून ते उलट दिशेने यकृतात शिरतात. शरीरात अन्यत्र असलेल्या पूयुक्त रोगातील जंतू रोहिणीच्या रक्तातून येतात, हा तिसरा मार्ग होय. शेजारच्या इंद्रियातील रोग सरळ पसरणे किंवा बाहेरून जखम होणे हा चौथा.

विद्रधीचे दोन प्रकार

यकृत-विद्रधीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला जीवाणूजन्य. दुसरा अमीबा या एकपेशीय प्राण्यापासून होणारा. दोन्हींत यकृताचा एक भाग नाश पावून तेथे पोकळी होते आणि ती दाट द्रवाने भरते. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच भासतात. तथापि त्यांची कारणे भिन्न, पोकळीतील द्रव भिन्न आणि उपचारही भिन्न आहेत.

जीवाणूजन्य विद्रधीचा उगम काळानुसार पालटत गेला आहे. ऑक्स्नर आणि डिबेकी या अमेरिकन शल्यवैद्यांनी १९३८ साली या रोगाविषयी जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात आंत्रपुच्छाचा दाह हे एक प्रमुख कारण म्हणून दिसते. आंत्रपुच्छ पिकले की त्यातील जंतू प्रवेशिका नीलेतून यकृतात जात. पुढे आंत्रपुच्छावर वेळीच शस्त्रक्रिया होऊ लागली, प्रतिजैविक औषधे उपलब्ध झाली, आणि हे कारण मागे पडले. आज पित्तमार्गातील अडथळा हे त्याचे मोठे कारण समजले जाते. मधुमेही आणि वृद्ध माणसांत हा रोग अधिक आढळतो. या पुवात एश्चेरिकिया कोलाय, क्लेब्सिएला, काही स्ट्रेप्टोकॉकस आणि प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू सापडतात. एकाच पोकळीत अनेक जातींचे जीवाणू एकत्र असणे, तसेच एकाच यकृतात अनेक लहान पोकळ्या असणे, हेही या प्रकारात पुष्कळदा दिसते.

अमीबाचा प्रवास

अमीबाजन्य विद्रधीस कारण होणाऱ्या जीवाचे नाव एन्टामीबा हिस्टोलिटिका. यातील दुसऱ्या पदाचा अर्थच ‘ऊतक विरघळविणारा’ असा आहे. या जीवाच्या दोन अवस्था असतात. पहिली पुटी. या अवस्थेत तो टणक कवचात निश्चल असतो. पुटीचा व्यास एका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. ओलसर जागी ती बरेच दिवस जिवंत राहते. जठरातील आम्लाने ती मरत नाही, आणि नळाच्या पाण्यात सामान्यतः जेवढे क्लोरीन घालतात तेवढ्यानेही तिचा नाश होईल अशी खात्री नसते. दुसरी अवस्था चल. लहान आतड्यात कवच फुटून त्यातून चल अमीबा बाहेर पडतात व मोठ्या आतड्यात वस्ती करतात.

या वस्तीपासून प्रत्येकास रोग होतोच असे नाही. अमीबा शरीरात शिरलेल्या दहा माणसांपैकी सुमारे नऊ जणांना काहीच त्रास जाणवत नाही. मात्र अशा निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या मलातून रोज लाखो पुटी बाहेर पडत असतात. शिवाय हुबेहूब याच रूपाची, पण निरुपद्रवी अशी दुसरी जात आतड्यात राहते. तिचे नाव एन्टामीबा डिस्पार. ही जात निराळी आहे, असे ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच सुचविले होते. पण सूक्ष्मदर्शकातून दोहोंत भेद दिसत नसल्यामुळे त्यास मान्यता मिळाली नाही. जीवरासायनिक आणि आनुवंशिक परीक्षांच्या आधारे तो भेद १९९३ साली निश्चित झाला.

उपद्रवी अमीबा आतड्याच्या आतील अस्तराला चिकटतो, स्वतःच्या पाचक रसांनी त्यास विरघळवितो आणि व्रण पाडतो. हाच अमीबाजन्य आमांश. जिवंत पेशींचे लहान लहान लचके तोडून अमीबा त्या पेशी मारतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. व्रणाच्या तळाशी असलेल्या बारीक नीलांत अमीबा शिरले, की प्रवेशिका नीलेचा प्रवाह त्यांना यकृतात नेऊन पोहोचवितो. उजवा खंड मोठा असून आतड्याकडील रक्ताचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. त्यामुळे विद्रधीही बहुधा उजव्या खंडात होतो व पुष्कळदा एकच असतो.

अमीबाजन्य पोकळीतील द्रवास रूढीने पू म्हणतात, परंतु तो खरा पू नव्हे. गळवातील पू हा मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या रक्तपेशींचा बनतो. अमीबाजन्य विद्रधीतील द्रव हा विरघळलेल्या यकृताचाच असतो. त्याचा रंग तांबूस तपकिरी, चॉकोलेटसारखा असतो व त्यास बहुधा दुर्गंधी नसते. आरंभी त्यात जीवाणू नसतात. अमीबासुद्धा मध्यभागी क्वचितच सापडतात. ते पोकळीच्या भिंतीत, जेथे निरोगी यकृताचा नाश चालू असतो तेथे, राहतात. या साध्या दिसणाऱ्या गोष्टीने पुढे उपचारांची दिशाच पालटली.

आतड्यातील अमीबा स्त्रीपुरुषांत सारख्याच प्रमाणात असला, तरी यकृताचा हा विद्रधी प्रौढ पुरुषांत स्त्रियांच्या सात ते दहापट अधिक आढळतो. भारतातील रुग्णालयांत येणाऱ्या अशा रोग्यांत नित्य मद्य, विशेषतः गावठी दारू किंवा ताडी, पिणारे पुष्कळ असतात. मद्याने यकृताची प्रतिकारशक्ती खालावते, आणि अस्वच्छ रीतीने काढलेल्या वा साठविलेल्या पेयातून जंतू पोटात जाण्याचा संभव असतो.

लक्षणे

थंडी वाजून येणारा ताप, रात्री सुटणारा घाम, अन्नावरची वासना उडणे, वजन घटणे आणि उजव्या कुशीत सतत दुखणे ही या रोगाची मुख्य लक्षणे होत. खोल श्वास घेतला, खोकला आला किंवा उजव्या कुशीवर निजले, की वेदना वाढते. फासळ्यांच्या मधल्या जागी बोटाने दाबले असता रोगी कळवळतो.

पुष्कळ रोगी उजवा खांदा दुखतो अशी तक्रार करतात. रोग पोटात आणि वेदना खांद्यात, याचे कारण शरीररचनेत आहे. मध्यपटलाची संवेदना नेणारा मज्जातंतू मानेतून निघतो, आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही मज्जारज्जूच्या त्याच भागात पोहोचते. त्यामुळे विद्रधीने मध्यपटल डिवचले गेले की मेंदूस ती वेदना खांद्याची भासते.

रोग्यास त्या वेळी आमांश असलाच पाहिजे असे नाही. अमीबाजन्य विद्रधीच्या बहुसंख्य रोग्यांना त्या वेळी अतिसार नसतो. आतड्यातील त्रास काही महिन्यांपूर्वी होऊन गेलेला असतो, किंवा तो कधी जाणवलेलाच नसतो. यामुळेच या रोगाची गल्लत हिवताप, विषमज्वर किंवा फुप्फुसदाह यांच्याशी होते. कावीळ अमीबाजन्य प्रकारात क्वचित दिसते. ती असेल तर पित्तमार्गाच्या रोगाची शंका घ्यावी लागते.

उपचारास विलंब झाला तर विद्रधी फुटतो. तो मध्यपटलातून वर छातीत फुटला, तर फुप्फुसाभोवती द्रव साचतो; कधी फुप्फुसाच्या नळीत वाट मिळून रोग्याच्या खोकल्यातून तपकिरी द्रव पडू लागतो. उदरपोकळीत फुटला तर सर्व उदराचा दाह होतो. डाव्या खंडातील विद्रधी हृदयाच्या आवरणात फुटण्याचा धोका असतो, आणि हा प्रकार सर्वांत घातक होय.

निदान

निदानाचा आरंभ विचारपूस करण्यापासून होतो. ताप किती दिवसांचा, पूर्वी आमांश झाला होता काय, पिण्याचे पाणी कोठले, मद्याचे व्यसन, मधुमेह अथवा पित्तखड्यांचा त्रास आहे काय, हे प्रश्न महत्त्वाचे असतात. रक्तपरीक्षेत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. छातीच्या क्ष-किरणचित्रात मध्यपटलाची उजवी बाजू वर उचललेली आढळते.

पोकळी प्रत्यक्ष दाखविण्याचे काम श्राव्यातीत ध्वनिलहरी करतात. या परीक्षेस सोनोग्राफी म्हणतात. माणसाच्या कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडल्या जातात. भरीव भाग आणि द्रव यांवरून त्या निरनिराळ्या प्रकारे परावर्तित होतात, आणि त्यांवरून चित्र उमटते. विद्रधी कोठे आहे, केवढा आहे, एक आहे की अनेक, हे त्यावरून समजते. सूक्ष्म पोकळ्या पाहण्यासाठी सीटी स्कॅनचा उपयोग होतो.

मात्र पोकळी दिसली म्हणजे कारण कळले असे नव्हे. त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. अमीबाजन्य विद्रधीच्या शेकडा नव्वदांहून अधिक रोग्यांत, पहिला आठवडा उलटल्यावर, अमीबाविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. परंतु अशी प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात. म्हणून जेथे अमीबाचा प्रसार सर्वत्र आहे अशा भारतासारख्या देशात, आढळलेली प्रतिपिंडे जुन्या संसर्गाची आहेत की आजच्या, हा विवेक करावा लागतो. मलपरीक्षेत पुष्कळदा काहीच मिळत नाही. जीवाणूंची शंका असल्यास रक्ताचे व पुवाचे संवर्धन करून जीवाणूंची जात आणि त्यांवर चालणारे औषध ठरवितात.

छेद, सुई आणि औषध

या रोगाच्या उपचारांचा इतिहास बोधप्रद आहे. लोश या वैद्याने १८७५ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे आमांशाच्या रोग्याच्या मलात अमीबा पाहिले. रॉबर्ट कॉख हे १८८३ साली पटकीच्या संशोधनासाठी ईजिप्तमध्ये गेले असता, त्यांना आतड्याच्या व्रणांत व यकृत-विद्रधीच्या भिंतीतही अमीबा दिसले. अलेक्झांड्रिया येथील कार्टुलिस यांनी हे संशोधन पुढे नेले. कौन्सिलमन आणि लाफ्लर यांनी १८९१ साली बाल्टिमोर येथून या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

कारण सापडले, तरी उपचार जुनाच राहिला. बाह्य गळवाप्रमाणे या विद्रधीसही मोठा छेद घेऊन तो वाहता ठेवीत. अशा शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक रोगी दगावत. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक लिओनार्ड रॉजर्स यांनी यामागचे कारण शोधले. न फुटलेल्या विद्रधीतील द्रवात बहुधा जीवाणू नसतात, हे त्यांना दिसून आले. म्हणजे उघड्या जखमेवाटे बाहेरचे जीवाणू आत शिरत आणि तेच रोग्यास मारीत. गळवाला हितकारक ठरणारा छेद येथे घातक ठरत होता. म्हणून द्रव काढणे भाग असेल तर तो सुईने ओढून काढावा, पोकळी उघडी ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता.

सुईने द्रव निघाला, तरी भिंतीतील अमीबा जिवंतच राहत. त्यांना मारणारे द्रव्य ब्राझीलमधील इपिकाकुआन्हा या वनस्पतीच्या मुळात होते. आमांशावर हे मूळ सतराव्या शतकापासून युरोपात वापरले जाई. पण त्याने इतकी ओकारी होई की पुरेशी मात्रा पोटात टिकत नसे. व्हेडर या अमेरिकन लष्करी वैद्यांनी फिलिपीन्समध्ये प्रयोगशाळेत असे दाखविले की, या मुळातील एमेटीन हे द्रव्य अमीबांना मारते. रॉजर्स यांनी १९१२ साली कलकत्त्यात एमेटीनचे विद्राव्य लवण अंतःक्षेपणाने, म्हणजे सुईवाटे, देण्यास आरंभ केला. औषध पोटातून न जाता रक्तातून यकृतापर्यंत पोहोचू लागले व अनेक रोगी छेदावाचून बरे झाले.

एमेटीन हृदयास अपायकारक असल्यामुळे रोग्यास अंथरुणावर पडून राहावे लागे व मात्रा फार जपून द्यावी लागे. पुढे १९४८ पासून क्लोरोक्वीनचा उपयोग होऊ लागला. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पॉवेल व त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली मेट्रोनिडाझोल हे औषध आमांश व यकृत-विद्रधी या दोहोंवर गुणकारी असल्याचे दाखविले, आणि एमेटीनचे युग संपले.

आजचे उपचार

अमीबाजन्य विद्रधीवर मेट्रोनिडाझोल सामान्यतः सात ते दहा दिवस देतात. टिनिडाझोल हे त्याच वर्गातील दुसरे औषध होय. तीन-चार दिवसांत ताप व वेदना उतरू लागतात. बहुतेक रोग्यांना एवढ्याने बरे वाटते आणि सुईचीही गरज पडत नाही. औषधाने सुधारणा न झाल्यास, विद्रधी फार मोठा असून फुटण्याचा संभव असल्यास, तो डाव्या खंडात असल्यास किंवा निदान संशयित असल्यास, सोनोग्राफीत पाहत पाहत सुईने अथवा बारीक नळीने द्रव काढतात. वेळीच उपचार झाले आणि विद्रधी फुटलेला नसला, तर या रोगाने मृत्यू येणे आज विरळ झाले आहे.

येथे एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. मेट्रोनिडाझोल यकृतातील अमीबांचा नाश करते, परंतु आतड्याच्या पोकळीतील सर्व अमीबा व पुटी त्याने नाहीशा होतात असे नाही. म्हणून त्यानंतर डायलोक्झनाइड किंवा पॅरोमोमायसीन यांसारखे, आतड्यातच राहून काम करणारे औषध द्यावे लागते. रोग्याचा ताप गेलेला असतो, तो कामावर जाऊ लागतो, आणि हे दुसरे औषध अनावश्यक वाटून तो ते टाकून देतो. मग आतड्यात उरलेल्या बीजापासून रोग पुन्हा उद्भवू शकतो, आणि दरम्यान घरातील इतरांनाही त्याचा संसर्ग पोहोचतो. उलट, बरे झाल्यावरही सोनोग्राफीत पोकळी कित्येक महिने दिसत राहते. ती हळूहळू भरून येते. रोग्यास त्रास नसेल तर केवळ तिच्यासाठी पुन्हा औषध घेण्याचे कारण नसते.

जीवाणूजन्य विद्रधीची चिकित्सा अधिक लांबते. त्यात प्रतिजैविके बहुधा चार ते सहा आठवडे द्यावी लागतात, आणि पूही प्रायः नळी घालून काढावा लागतो. येथेही उगमाकडे पाहिले पाहिजे. पित्तनलिकेतील खडा तसाच राहिला, तर पू कितीही वेळा काढला तरी तो पुन्हा साचतो. उघड्या शस्त्रक्रियेची पाळी आता थोड्या रोग्यांवर येते. विद्रधी उदरात फुटला किंवा नळीने पू निघेना, तर मात्र ती करावी लागते.

प्रतिबंध

अमीबाचा प्रसार एका माणसाच्या मलातून दुसऱ्याच्या मुखात होतो. ही साखळी तोडणे हाच खरा प्रतिबंध. या रोगाची लस अद्याप उपलब्ध नाही. पाणी उकळल्याने पुटी निश्चितपणे मरतात. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, मैल्याच्या पाण्यावर पिकविलेली भाजी कच्ची न खाणे, अन्न माशांपासून झाकून ठेवणे, हे नियम घरोघरी पाळता येतात. स्वयंपाक करणाऱ्या वा अन्न वाढणाऱ्या माणसाने ते पाळले नाहीत, तर एका माणसापासून अनेकांना संसर्ग होतो.

वैयक्तिक स्वच्छतेने मात्र सर्व भागत नाही. अमेरिकेतील शिकागो येथे १९३३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी अमीबाजन्य आमांशाची मोठी साथ उद्भवली. प्रदर्शनास आलेले पाहुणे चांगल्या हॉटेलांत उतरले होते. परंतु तेथील सदोष नळयोजनेमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. संपन्न शहरही या रोगापासून मुक्त नाही, हे त्या साथीने दाखविले. शौचकूप आणि विहीर यांत पुरेसे अंतर असणे, पाण्याचा नळ गटारातून न नेणे, फुटलेली नळी तत्काळ दुरुस्त करणे, ही कामे ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची असली, तरी ती करवून घेणे नागरिकांच्या हाती असते.

आठवडाभर न उतरणारा ताप आणि उजव्या कुशीत दुखणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर घरगुती उपायांत किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्यांत वेळ न दवडता रोग्यास रुग्णालयात न्यावे. तेथे सोनोग्राफीस थोडाच वेळ लागतो. विद्रधी फुटण्यापूर्वी तो सापडला, तर बहुतेक रोगी औषधाने बरे होतात. फुटल्यानंतर सापडला, तर कुशल शल्यवैद्यासही रोग्यास वाचविणे कठीण जाते.